खुडूक नव्हे, अंडं अडलंय

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादिकाबाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्या त्या कोंबड्यांच्या गमती लिहा ना. जरा हलकंफुलकं." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की मला एकही गंमत आठवत नाहीये. राग मात्र भरपूर आठवतोय. तेव्हा तोच लिहिते. हलकंफुलकं हवं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

मी पशुवैद्य. राहणं सदाशिव पेठेत, दवाखाना हडपसरला. कुत्री, मांजरं, पोपट यांच्यावर उपचार करते म्हटलं की लोक आदरानं बघतात. "आणि कोंबड्यांवरही," असं म्हटलं की हसतात. मग एक जण हमखास विचारतो, "मसाला कोणता वापरता?" हा विनोद मी मुंजीत ऐकलाय, लग्नात ऐकलाय, एका तेराव्यालाही ऐकलाय. विचारणाऱ्याला दर वेळी वाटतं, की हे त्यालाच पहिल्यांदा सुचलंय. मी अजून एकदाही हसलेली नाही.

पदवी घेतल्यावर काही वर्षं मी शहराबाहेरच्या एका मोठ्या पोल्ट्रीवर नोकरीला होते. लांबच लांब शेड, पिंजऱ्यांच्या ओळी, आणि अंडी आपसूक घरंगळत पुढे यायची. तिथे माझं काम कळपाचं होतं. पाणी, खाद्य, लसी. एखादी कोंबडी कोपऱ्यात मान टाकून बसली, तर तिला बाहेर काढायचं आणि संपवायचं. मी एकदा एकीला तपासायला घेतलं, तर मॅनेजर म्हणाले, "मॅडम, एका पक्ष्यावर डॉक्टर घालवणं परवडत नाही." त्यांचा हिशेब बरोबर होता. मला त्यात चूक काढता येईना, म्हणून मी नोकरी सोडली.

हडपसरला दवाखाना टाकला तेव्हा आजूबाजूला भाजीचे मळे होते आणि माझे पेशंट म्हणजे गाई-म्हशी. मग मळे गेले, इमारती आल्या, काचेची ऑफिसं आली. गाई गेल्या, लॅब्रॅडॉर आले. आणि त्यांच्या पाठोपाठ, कुणालाही अपेक्षा नसताना, कोंबड्या आल्या. मुलांना घरचं अंडं मिळावं म्हणून कॉम्प्युटरवाल्यांनी आणलेल्या, आणि जमीन विकल्यावरही ज्यांचे हात रिकामे राहत नव्हते अशा बायकांनी पाळलेल्या. या कोंबड्यांना नावं होती. नाव असलेली कोंबडी आजारी पडली की कुणीतरी दवाखान्यात येतं.

येतं, पण उशिरा येतं. माझ्या रागाचं पहिलं कारण हेच.

कोंबडी आजार लपवते. अशक्त दिसली तर बाकीच्या तिला टोचतील, म्हणून अगदी शेवटपर्यंत ती धड असल्याचं सोंग करते. तुमच्या-आमच्या नजरेस पडते तोवर ती निम्मी संपलेली असते. आणि अंड्याचे आजार तर घरोघरी एकाच शब्दाखाली झाकले जातात. खुडूक! कोंबडी घरट्यातून उठत नाही? खुडूक झाली. खात नाही? खुडूक. खुडूक कोंबडीला अंडी उबवायची असतात. हात पुढे केला तर ती पिसं फुलवते, गुरगुरते, टोचते. तिचा तुरा जरा फिकट असेल, पण डोळा तरतरीत असतो. अंडं अडलेली कोंबडी टोचत नाही. ती डोळे मिटून उभी राहते, शेपूट खाली पाडते, अंग ताठ करून माणसासारखी सरळ होते आणि कुंथते. शेपूट श्वासागणिक खालीवर होतं. घरट्यात जाते, बाहेर येते, पुन्हा जाते. एवढं बघायला डॉक्टर लागत नाही. पण बघायला लागतं. लोक बघत नाहीत, एरंडेल पाजतात.

अंड्याचं कवच हवेतून येत नाही. एक अंडं तयार व्हायला जवळपास अख्खा दिवस लागतो आणि त्यातला बहुतेक वेळ कवच चढण्यात जातो. त्याचा चुना खाण्यातून मिळाला नाही, तर कोंबडी तो स्वतःच्या हाडांतून काढून देते. रोज. तुम्ही न्याहारीच्या आम्लेटसाठी कवच फोडून फेकता, तेव्हा त्यात तिचं हाड असतं. हे मी सांगते तेव्हा लोक म्हणतात, "हो का? इंटरेस्टिंग."

गिरजाबाई तसं म्हणाल्या नाहीत. त्या दवाखान्यात आल्या त्या भाजीच्या पिशवीतून कोंबडी घेऊन. पिशवीतून फक्त मान बाहेर. यवतमाळकडच्या बाई, साठी ओलांडलेल्या, नऊवारी, पायांत मुलाच्या मोठ्या चपला. नवरा वारल्यावर आयटीत नोकरी करणाऱ्या मुलानं त्यांना हडपसरला आणलं होतं. बंगल्यांची सोसायटी, प्रत्येक बंगल्यामागे थोडी जागा. त्या जागेत त्यांनी आठवडी बाजारातून एक कोंबडा आणि काही कोंबड्या आणून पाळल्या होत्या. मुलगा प्रशांत अमेरिकेच्या वेळेनं काम करायचा आणि दिवसा झोपायचा. बाईंना दिवसभर बोलायला कोंबड्याच होत्या.

"डाक्टरीनबाई, हे माही चांदी," त्या म्हणाल्या. "काल्हपासून खातच नाई काही. शेजारची म्हणे खुडूक झाली. मी म्हटलं, खुडूक कोंबडी मले काय माहीत नाई? हे तं रडून राह्यली."

मी चांदीच्या पोटावर हात ठेवला. शेपटाखाली अंडं बोटांना लागत होतं. घमेल्यात कोमट पाणी घेतलं, तिला त्यात अर्धी बुडेल अशी बसवली, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, वंगण लावलं आणि खोलीचा दिवा बंद केला. बाकी सगळं वाट बघणं असतं. ओढायचं नाही, दाबायचं नाही. अंडं आत फुटलं तर कवचाच्या कडा कोंबडीला आतून कापतात. गिरजाबाई घमेल्याजवळ जमिनीवर बसून तिच्याशी बोलत राहिल्या, बाळंतिणीशी बोलतात तसं. तासाभरानं चांदीनं अंग आवळलं आणि अंडं पाण्यात आलं. पांढरं, खरखरीत, पातळ कवचाचं.

"आलं व माय," गिरजाबाई म्हणाल्या आणि पदरानं आधी कोंबडीचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

मी त्यांना शिंपल्यांचा चुरा द्यायला सांगितलं, शिळा भात बंद करायला सांगितलं. त्यांनी सगळं केलं. तरी पुढच्या काही महिन्यांत दुसरी कोंबडी आली, तिचं अंडं कवचाशिवाय, नुसत्या पडद्यातलं. तिसरीचं आतलं मांस बाहेर आलं होतं आणि बाकीच्यांनी ते टोचलं होतं. तिला मी टाके घातले. चौथी आली ती चालत नव्हती, पोट पाण्याच्या पिशवीसारखं लोंबत होतं. अंडं बाहेर येण्याच्या नळीत जायच्या ऐवजी पोटात पडलं की तिथे सडतं. तिनं माझ्या टेबलावरच जीव सोडला.

खाणं बरोबर, जागा स्वच्छ, बाई जिवापाड करणारी. मग एवढ्याशा खुराड्यात हे एकामागून एक का? मी घरी जाऊन बघायचं ठरवलं. दवाखाना आटोपून दिवेलागणीला गेले. खुराडं उत्तम होतं. प्रशांतनंच सुट्टीच्या दिवशी बसून केलेलं. मी वाकून आत बघत असताना अचानक भक्क उजेड पडला. कुंपणापलीकडे, उंच खांबावर, सोसायटीचा मोठा दिवा लागला होता आणि त्याचं तोंड थेट खुराड्याकडे होतं.

"हा रोज असतो?"

"रोज. सकाळपर्यंत. चोरीसाठी लावला म्हणे. इथं रात्रच होत नाई, बाई."

माझ्या डोक्यात ते पोल्ट्रीतलं शेड उभं राहिलं. तिथे आम्ही हेच करत होतो. उजेड लांबवला की कोंबडीच्या शरीराला वाटतं, दिवस मोठा आहे, अंडी घाल. थंडीत दिवस लहान झाला की ती थांबते, पिसं बदलते, हाडं भरून काढते. या कोंबड्यांना थांबताच येत नव्हतं. कोवळ्या वयात सुरू झाल्या आणि हाडं झिजेपर्यंत घालत राहिल्या. तिकडे ते नफ्यासाठी होतं. इथे ते कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मी गोणपाट टांगायला सांगितलं. खुराड्यावर अंधार हवा, एवढंच. गिरजाबाईंनी दुसऱ्याच दिवशी टांगलं आणि तिसऱ्या दिवशी सोसायटीचे चेअरमन लिमये यांनी ते काढायला लावलं. लिमये निवृत्त अधिकारी, मूळचे आमच्याच पेठेतले. मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

"अहो डॉक्टर, ही निवासी सोसायटी आहे. गोणपाटं टांगायला हे मंडईचं आवार नव्हे."

"मग दिव्याचं तोंड जरा वळवा. पत्र्याची एक झडप लावली तरी पुरे. खर्च मी करते."

"कोंबडीला झोप लागावी म्हणून?"

"हो."

"माझ्या नातवालाही त्या दिव्यानं झोप लागत नाही," ते म्हणाले. "त्याची आई पडदा ओढते. तक्रार करत नाही."

मी घरी येईपर्यंत त्यांना द्यायची उत्तरं स्कूटरवर मोठमोठ्यानं म्हणत होते.

आणि मग टीव्हीवर बर्ड फ्लूच्या बातम्या सुरू झाल्या. पांढरे पोशाख घातलेली माणसं, खड्डे, पोत्यांत भरलेल्या कोंबड्या. पुणं दूर होतं, पण टीव्ही प्रत्येकाच्या घरात होता. नेमकी त्याच आठवड्यात गिरजाबाईंची आणखी एक कोंबडी मेली. कामवाल्या बाईकडून ते सोसायटीभर झालं. संध्याकाळपर्यंत बागेत मुलं खेळायची बंद.

मी ती मेलेली कोंबडी ताब्यात घेतली. मास्क, हातमोजे, सगळं करून उघडली. पोटात शिजल्यासारख्या बलकाचे पिवळे गोळे होते, एकात एक अडकलेली दोन अंडी होती. छातीचं हाड बोटानं वाकत होतं. तरी मी नमुने सरकारी प्रयोगशाळेत पाठवले, कारण अशा वेळी माझं मत पुरेसं नसतं आणि नसावंही. तिथे फ्लू सापडला नाही. मी जरा निश्चिंत झाले. विज्ञानानं उत्तर दिलं की माणसं ऐकतात, असा माझा तोवर समज होता.

रविवारी सकाळी सोसायटीची तातडीची सभा होती. गिरजाबाईंनी मला बोलावलं. सभागृहात चहा-बिस्किटं होती आणि काही जण मास्क लावून बसले होते. प्रशांत पुढच्या रांगेत, रात्रपाळीच्या तारवटलेल्या डोळ्यांनी. त्याची आई भिंतीशी, माझ्या शेजारी.

मी उभी राहून प्रयोगशाळेचा अहवाल दाखवला आणि साध्या मराठीत सांगितलं. फ्लू निवड करत नाही. आला असता तर एका झटक्यात सगळा कळप गेला असता, कोंबडाही गेला असता. इथे फक्त अंडी घालणाऱ्या माद्या, एकेक करून, महिनोन्‌महिने आजारी पडताहेत, मरताहेत. त्यांना संसर्ग नाही, त्यांची हाडं संपलीत. आणि त्याचं कारण कुंपणापलीकडच्या खांबावर आहे. शंका असती तर सरकारी खात्याला पहिला फोन मीच केला असता.

एका तरुण मुलानं हात वर केला. शांत, सभ्य मुलगा. "मॅम, पण रिस्क झीरो आहे असं तुम्ही गॅरंटीनं सांगू शकता का?"

"रिस्क झीरो कशाचीच नसते. तुमच्या गाडीचीही."

"म्हणजे झीरो नाही," तो मागे वळून बाकीच्यांना म्हणाला.

लिमये उठले. "डॉक्टरांचे आभार. त्या कोंबड्यांच्या डॉक्टर आहेत, त्यांनी कोंबड्यांची बाजू मांडली. आपल्याला माणसांचा विचार करायचाय. त्या कोंबड्या सोसायटीच्या आवारातून हलवाव्यात, असा ठराव आहे. अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत."

हात वर जाऊ लागले. गिरजाबाई उभ्या राहिल्या. "माहं ऐका जरासं," त्या म्हणाल्या. "मी त्यायले सकाळ-संध्याकाळ हातात घेतो. मले काही झालं नाई. मले काही झालं असतं तं मीच..."

"आजी, आपण बसा," लिमये म्हणाले. आवाज अगदी सौम्य होता. "आपण सभासद नाही. घर प्रशांतच्या नावावर आहे. सभासद तो."

सगळ्यांनी प्रशांतकडे बघितलं. गिरजाबाईंनीही. त्याचा हात आधीच वर होता. फार उंच नाही, कोपरात वाकलेला, पण वर. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

"एकमतानं मंजूर," लिमये म्हणाले.

मला त्या क्षणी काय वाटलं ते छापता येणार नाही. मी त्या माणसांना इतकी वर्षं भेटत आलेय. त्यांच्या कुत्र्यांच्या मधुमेहावर रडताना मी त्यांना पाहिलंय. ती दुष्ट नव्हती. त्यांच्यापुढे एक आजार उघडा करून ठेवला होता, कारण बोटानं दाखवलं होतं, इलाज पत्र्याच्या एका तुकड्याइतका सोपा होता. त्यांना दिवा हलवण्यापेक्षा म्हातारीचं खुराडं हलवणं सोपं वाटलं. न कळणाऱ्यांवरचा माझा राग फार टिकत नाही. कळूनही हात वर करणाऱ्यांवरचा राग माझा अजून ओला आहे.

गिरजाबाईंनी पदर सावरला आणि त्या बाहेर पडल्या. मी मागोमाग गेले. त्या कोंबड्या एकेक पकडून वेताच्या डाल्यात ठेवत होत्या. प्रशांत धापा टाकत आला.

"आई, हे काय? मी बघतो ना काहीतरी. एखाद्या फार्मवर ठेवू."

"कोंबड्या काढा म्हणे ना? काढतो."

"तू कुठं चाललीस?"

"त्यायच्यासंगं."

"आई, मला या लोकांत राहायचंय गं."

"राह्य ना, बाप्पा," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. "तू राह्य."

मी प्रत्येक कोंबडी तपासली. चांदीचं पोट मऊ होतं, तुरा फिकट, पण ती प्रवास करेल असं वाटलं. मी शिंपल्यांचा चुरा आणि औषध बांधून दिलं. पांढरे पोशाख टीव्हीवर दिसत असताना कोंबड्या घेऊन एसटीत कुणी बसू देणार नव्हतं. शेवटी गावाकडच्याच ओळखीच्या एका टेम्पोवाल्यानं त्यांना नेलं. त्या पुढे बसल्या, डालं मांडीवर. प्रशांत फाटकाशी उभा होता. टेम्पो वळेपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

बर्ड फ्लू टीव्हीवरून गेला. सोसायटीत पुन्हा मुलं खेळू लागली. पुढच्या थंडीत प्रशांत माझ्या दवाखान्यात आला, कुठलंही जनावर न घेता. वाट बघणाऱ्या दोन कुत्र्यांच्या मध्ये बसून राहिला. नंबर आल्यावर आत येऊन म्हणाला, "मॅडम, आई परत यायला तयार नाही. फोनवर नीट बोलत नाही. तुमचं ती ऐकेल. तुम्ही सांगा ना तिला."

"काय सांगू?"

"की... की माझा नाइलाज होता."

"होता का?"

तो खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, "मी एकट्यानंच हात खाली ठेवला असता तर?"

"तर एकमतानं झालं नसतं," मी म्हटलं. "प्रशांत, मी तुमच्या आईला काही सांगणार नाही. हात वर करताना तुम्ही मला विचारलं नव्हतंत. जा, स्वतः जाऊन सांगा."

तो गेला. मी जरा जास्तच तोडून बोलले, असं त्या दिवशी बाहेर बसलेल्या कुत्र्याच्या मालकीणबाईंना वाटलं असावं. त्यांनी मला फी देतानाही वर बघितलं नाही. मला मात्र तसं वाटलं नाही.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी गिरजाबाईंचा फोन आला. मागे कोंबड्यांचा कलकलाट.

"डाक्टरीनबाई, शेजारणीची कोंबडी हाय. सरळ उभी राह्यली, कुंथून राह्यली. मी पाहून सांगतलं, हे खुडूक नाई. कोमट पाण्यात ठेवली. वंगण नाई घरात, गोडं तेल चालते का?"

"चालतं. थोडंच, बाहेरून. आणि ओढू नका."

"नाई वढत. मले काय माहीत नाई?" मग फोन बाजूला धरून त्या कुणावर तरी ओरडल्या. "अरे, दाबू नको तिले! दोन्ही हातानं धर. खालून. हां."

"कोण आहे?" मी विचारलं.

"प्रशांत," त्या म्हणाल्या. "आला हाय चार दिवसांपासून. त्याले कोंबडी धरता येत नाई, बाई. मीच शिकवतो."

मी फोन कानाला धरून बसून राहिले. बाहेर पेशंट ताटकळत होते. पलीकडून पाण्याचा आवाज, बाईंचं पुटपुटणं, आणि एका मोठ्या माणसाचा घाबरलेला श्वास ऐकू येत होता.

"आई, काहीतरी येतंय," तो म्हणाला.

"येऊ दे. हलू नको."